खिडकीतली रोपे, पानामागची कीड आणि फळीवरची बाटली

गेल्या उन्हाळ्यात आमच्या चाळीतील एका घरी रेशनकार्डाचा अर्ज भरून देण्यासाठी गेलो होतो. नव्या सुनेचे नाव चढवावयाचे होते. अर्ज झाला, चहा आला आणि माझे लक्ष खिडकीकडे गेले. खिडकीच्या गजांमागे तेलाचे कापलेले डबे आणि दुधाच्या पिशव्या ओळीने मांडलेल्या. त्यांत मिरचीची व टोमॅटोची बोट-बोट रोपे. पण पाने आकसलेली, शेंडे चिकट. डब्याला हात लावला तर पांढरी धूळ उडावी तसे काहीतरी उडाले.

मावशी म्हणाल्या, "किडलीत बघा. आज रात्री औषध मारते. पुतण्यानं गावाहून आणून दिलंय, कपाशीचं."

त्यांनी फळीवरून बाटली काढली. बाटली खोकल्याच्या औषधाची होती, जुने लेबल तसेच. तिच्या शेजारी नातवाच्या तापाची बाटली. नातू त्याच खिडकीखाली झोपतो, कारण खोलीत वारा येतो तो तेवढ्याच जागी.

मला वाटते, निम्मा घोटाळा आपल्या भाषेनेच केला आहे. आपण त्याला 'औषध' म्हणतो. फवारणीचे औषध, ढेकणाचे औषध, उंदराचे औषध. मग औषध म्हटल्यावर ते औषधांच्याच फळीवर जाते. वास्तविक ते विष आहे. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतील दुपारचे जेवण खाऊन २३ मुले दगावली. त्या जेवणात व तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचे प्राण गेले. ते उघड्या रानात होते. आपण तर दहा बाय बाराच्या खोलीत, दार लावून, झोपायच्या वेळी तेच मारावयास निघतो!

कीटकनाशकाच्या मूळ डब्यावर एक रंगीत त्रिकोण छापलेला असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. अक्षर वाचता आले नाही तरी रंग कळतो. पण खोकल्याच्या बाटलीत ओतले की तो त्रिकोण गावीच राहतो आणि घरात येते ते फक्त विष. असे विष कोणाच्या पोटात गेलेच, तर मीठ-पाणी पाजून उलटी काढण्याच्या भानगडीत पडू नये. अंगावर सांडले असेल तर कपडे काढून साबणाने धुवावे, आणि बाटली किंवा डबा बरोबर घेऊन ताबडतोब सरकारी दवाखाना गाठावा. काय पोटात गेले हे कळले तर डॉक्टरांचा वेळ वाचतो.

झुरळ-डासांचा फवाराही रोपांवर मारू नये. त्यातील द्रव्याने कोवळी पाने करपतात, आणि ती मिरची उद्या आपल्याच ताटात यावयाची असते.

मग करावे काय? मावशींनी हाच प्रश्न जरा रागाने विचारला.

आधी पान उलटून पाहावे. बहुतेक कीड पानामागे असते आणि आपण पाहतो वरून. हिरवे किंवा काळे, खसखशीएवढे, शेंड्यावर दाटीने बसलेले असतात तो मावा. माव्याची मादी नराशिवाय सरळ पिल्लेच घालते, आणि आठवडा-दहा दिवसांत ती पिल्ले स्वतः पिल्ले घालू लागतात. मी बी.कॉम. झालेला कारकून, मला हे चक्रवाढ व्याजासारखे दिसते. सोमवारी पाच मावे असताना बोटाने चिरडले तर काम मिनिटाचे, महिन्याने तेच काम हाताबाहेर. डब्यावर मुंग्यांची रांग लागली असेल तर मावा आहे असे समजावे. माव्याच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, तो खाण्यासाठी मुंग्या येतात आणि ढालकिड्यासारख्या त्याच्या शत्रूंना हुसकावून लावतात.

धुळीसारखी उडते ती पांढरी माशी. पानामागे बारीक जाळे आणि वर पिवळसर ठिपके दिसले तर लाल कोळी. हा कीटक नव्हेच, आठ पायांचा कोळ्याचा भाऊबंद आहे. कोरड्या उन्हाळ्यात तो माजतो. मिरचीचे पान होडीसारखे वर वळले तर बहुधा फुलकिडे, खाली वळले तर कोळी.

या सगळ्यांवर पहिला उपाय पाण्याचा. सकाळी रोप बोटांत धरून डबा तिरका करावा आणि पानामागे पाण्याची बारीक धार सोडावी. दोन-तीन दिवस ओळीने केले की बरीचशी कीड वाहून जाते. उरलेल्यासाठी साबण. आंघोळीच्या साबणाचा चमचाभर चुरा एक लिटर कोमट पाण्यात विरघळवावा, गार करावा, आणि इस्त्रीच्या वेळी पाणी मारावयाच्या बाटलीने संध्याकाळी पानामागे मारावा. साबण अंगावर पडला तरच कीड मरते. सुकल्यावर त्याचा उपयोग नाही. म्हणून चार-पाच दिवसांनी पुन्हा मारावे लागते. प्रथम एकाच रोपावर मारून दुसऱ्या दिवशी पाहावे, आणि तास-दोन तासांनी साध्या पाण्याने धुऊन टाकावे.

येथे माझी स्वतःची फजिती सांगतो. आमच्या मुलीने शाळेसाठी टोमॅटोची रोपे लावली होती. साबण संपला होता म्हणून मी कपडे धुण्याची पावडर घातली, आणि तीही सढळ हाताने. सोडा पानांना सोसत नाही. दुसऱ्या दिवशी रोपे उकडल्यासारखी झाली. मुलगी आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

तंबाखूचे पाणी हा आपल्या घरोघरीचा उपाय. नैसर्गिक आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. पण तंबाखूतील निकोटीन हेही विषच, ते कातडीतूनही अंगात भिनते. शिवाय तंबाखूवरचा एक विषाणूजन्य रोग टोमॅटो-मिरचीलाही होतो. घरचे कर्ते पुरुष तंबाखू मळतात आणि त्याच हाताने रोपांना गोंजारतात. आधी हात धुवा, मग गोंजारा.

कुंडीतून बारीक काळी चिलटे उडत असतील तर चूक आपल्या तांब्याची आहे. ही चिलटे ओल्या मातीत अंडी घालतात आणि अळ्या कोवळी मुळे कुरतडतात. वरची बोटभर माती सुकल्याशिवाय पाणी घालू नये. बटाट्याची चकती मातीवर ठेवावी. एक-दोन दिवसांत अळ्या तिच्याखाली गोळा होतात, चकती उचलून फेकून द्यावी. वर वाळूचा पातळ थर दिला तरी अंडी घालणे अवघड जाते. रोप बुडाशी काळे पडून एकदम कोलमडले तर तो किडीचा नव्हे, बुरशीचा प्रकार. त्याचेही मूळ जादा पाणीच. माया करावी, पण तांब्याने नव्हे.

पांढऱ्या माशीची गोष्ट मात्र वेगळी. ती रस शोषते तेवढ्यावर भागत नाही, तिच्यामुळे पाने चुरगळण्याचा विषाणू रोपात शिरतो, मग कोणतेही पाणी मारा, ते रोप सुधारत नाही. म्हणून तिला आधीच अडवावे. मच्छरदाणीची भोके तिला मोठी पडतात. जुनी तलम ओढणी काड्यांवर ताणून डब्यांवर घालावी. उजेड मिळतो, माशी बाहेर राहते. पिवळ्या रंगाकडे ती ओढली जाते. पिवळ्या प्लास्टिकच्या तुकड्याला एरंडेल चोपडून तो शेंड्याच्या उंचीवर टांगला की ती चिकटते.

मावशींच्या चौदा रोपांपैकी पाच उपटून, पिशवीत बांधून टाकून द्यावी लागली. त्यांना वाईट वाटले. बी त्यांनी नणंदेकडून मागून आणले होते. उरलेल्या नऊपैकी सात जगली. बाटली मोरीत ओतू नका म्हणून सांगितले. मी तिच्यावर 'विष' असे लाल शाईने लिहिले, बूच चिकटपट्टीने बांधले, आणि पुढच्या रविवारी पुतण्या येऊन परत घेऊन गेला. तोही म्हणाला, "काकी, मी तर शेतावरच्या घरात असंच ठेवतो." त्याच्याशी त्या दिवशी बराच वेळ बोलणे झाले.

आता मावशी निंबोळ्यांची वाट पाहत आहेत. जून-जुलैत कडुनिंबाखाली सडा पडतो. पिकलेल्या निंबोळ्या वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून डब्यात भरून ठेवाव्या. लागतील तेव्हा पन्नास ग्रॅम कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घालाव्या, सकाळी फडक्याने गाळून किंचित साबण मिसळावा आणि त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर मारावे, कारण कडक उन्हात त्याचा जोर लवकर ओसरतो. अगदी कोवळ्या रोपांना तेवढेच पाणी आणखी घालून निम्म्या जोराचे करावे. या अर्काने कीड लगेच टपटप पडत नाही, तिचे खाणे आणि कात टाकणे बिघडते, त्यामुळे तीन-चार दिवस धीर धरावा लागतो. वास येतो. मावशींच्या सुनेने त्याबद्दल आधीच तक्रार केली आहे.