पल्ली नक्को, पल्ली वद्दु!

निपाणी-बेळगावपासून विजापूर-सोलापूरपर्यंत आपल्या भागात शेंगदाण्याशिवाय स्वयंपाक पुरा होत नाही. भाजीत कूट, भाकरीबरोबर शेंगाचटणी, उपासाला खिचडी, सणाला शेंगाहोळगी. अशा घरातल्या मुलालाच शेंगदाणा वर्ज्य झाला तर? आणि त्या मुलाला घेऊन परमुलखात राहायचे, हॉटेलात जेवायचे, तर? आमच्या घरात हा प्रश्न गेली तीन वर्षे आहे, म्हणून हे चार शब्द.

माझे माहेर बेळगावचे, मराठी. सासर धारवाडचे, कन्नड. ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही हैदराबादला राहतो. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. तो सव्वा वर्षाचा असताना लाडवाचा एक कण त्याच्या तोंडात गेला आणि पाच मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी शेंगदाणा पूर्ण बंद सांगितला. सासूबाईंना ते पटेना. ‘‘स्वल्प तिंदर एन आगतद?’’ असे त्या विचारत. पण या दुखण्यात ‘स्वल्प’ला अर्थच नसतो. काही मुलांचा श्वास कणभर दाण्यानेही कोंडतो. डॉक्टरांनी हे त्यांना समोर बसवून सांगितले, तेव्हापासून धारवाडच्या घरात शेंगाचटणीचा डबा वरच्या फळीवर गेला.

घरातले घरात सांभाळता येते. पण थोरलीनेही कधी डोसा खायला बाहेर जायचे नाही का? आजी-आजोबा आले की चारमिनार पाहून येताना कुठे टेकायचे नाही का? आम्ही ठरवले, जायचे. पण विचारून जायचे.

पांढऱ्या चटणीचा घोटाळा

आपल्याकडे इडलीबरोबर पांढरी चटणी आली की ती खोबरे-पुटाण्याची, हे आपण गृहीत धरतो. हैदराबादेत तसे नाही. इथल्या टिफिन सेंटरवर आणि बंडीवर इडली-डोशाबरोबर बहुतेक वेळा पल्लीची चटणी असते. पल्ली म्हणजे शेंगदाणा. धारवाडच्या कानाला मात्र ‘पल्ली’ म्हटले की ‘पल्या’च ऐकू येतो, म्हणजे भाजी! एका हॉटेलात (नाव नको) वाढप्याने ‘‘नारियल की है’’ असे छातीठोक सांगितले. मी आधी बोट लावून चाखली, तर चक्क शेंगदाणा. तेव्हापासून वाटीतले आधी माझ्या तोंडात, मगच त्याच्या पानात.

बिर्याणीतही तेच. बिर्याणीत सहसा शेंगदाणा नसतो, पण सोबत येणाऱ्या मिरची का सालनमध्ये शेंगदाणे, तीळ आणि सुके खोबरे वाटलेले असते. बगारा बैंगनचेही वाटण तेच. पुळिहोरा म्हणजे आपला चिंचेचा भात, त्यात अख्खे दाणे तळून घालतात. चित्रान्नातही तसेच. म्हणून सालनचा चमचा दुसऱ्या भांड्यात फिरला नाही ना, हेही पाहावे लागते.

कन्नड कामाला आले, मराठीही

इथे आपल्या दोन भाषांचा खरा उपयोग झाला. कन्नडचा हालु तेलुगूत पालु होतो, अन्न अन्नम होते, नीरु नीळ्ळु होते, उप्पु तर उप्पुच राहतो. मराठीत ‘खारे’ म्हणजे मिठाचे, कन्नडमध्ये ‘खारा’ म्हणजे तिखट. तेलुगूचा ‘कारम’ कन्नडच्या बाजूचा. आणि जुन्या शहरातल्या दखनीत ‘नको’चे ‘नक्को’ झालेले ऐकले की मराठी माणसाला माहेरचे कोणी भेटल्यासारखे वाटते.

यात नवल नाही. १९५६ पर्यंतच्या हैदराबाद राज्यात तेलुगू जिल्ह्यांबरोबर मराठवाडा होता, तसेच बिदर, गुलबर्गा, रायचूरही होते. आपले बेळगाव-धारवाड तेव्हा मुंबई राज्यात. पण या शहराला मराठी आणि कन्नड दोन्ही नवे नाहीत.

म्हणून आम्ही मुलालाच शिकवले: ‘‘पल्ली नक्को, पल्ली वद्दु.’’ चार वर्षांचे पोर हे म्हणाले की वाढपी हसतो, पण आत जाऊन आचाऱ्याला विचारून येतो. मोठ्यांनी विचारले तर तो बऱ्याचदा नुसती मान डोलावतो.

आम्ही पाळतो ते

तेलुगू, हिंदी आणि इंग्रजीत लिहिलेले एक कार्ड माझ्या पर्समध्ये असते: ‘या मुलाला शेंगदाणा, त्याचे वाटण, त्याचे घाण्याचे तेल चालत नाही. जिवाला धोका आहे.’ ते वाढप्याला नाही, आचाऱ्याला दाखवायचे. गर्दीच्या वेळी विचारपूस नीट होत नाही, म्हणून सात वाजताच पोचायचे. मागवायचे ते साधे: इडली-तूप, फुलका, पप्पू, पेरुगन्नम, म्हणजे आपला मोसरन्ना. पोडी आणि फोडणीबद्दल वेगळे विचारायचे.

दहा किंवा अधिक शाखा असलेल्या हॉटेलांनी अ‍ॅलर्जीच्या पदार्थांची माहिती द्यावी, असा केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. पाकीटबंद खाऊवर शेंगदाण्याचा उल्लेख बंधनकारक आहे. बंडीवाल्याला हे लागू नाही, तिथे आपली जीभच.

आणि सर्वांत महत्त्वाचे. श्वासाला त्रास झाला, तर अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपाय. अ‍ॅलर्जीची गोळी ते काम करत नाही. ते केव्हा आणि कसे द्यायचे, हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच शिकून घ्यावे आणि लगेच १०८ ला फोन करावा. ही १०८ ची सेवा देशात प्रथम २००५ च्या ऑगस्टमध्ये याच हैदराबादेत सुरू झाली.

आपल्याकडे पानात वाढलेल्याला नाही म्हणणे उद्धटपणाचे मानतात. पंगतीत, लग्नात, पाहुण्यांकडे आपण भिडेखातर गप्प बसतो. आपल्या ओळखीत असे मूल असेल, तर त्याच्या आईला ‘एवढ्याने काय होते’ म्हणू नका. येत्या सणाला ते घरी जेवायला येणार असेल, तर कुटाचा डबा उचलून ठेवा, पळी वेगळी ठेवा आणि काय काय केले आहे ते तिने विचारण्याआधीच सांगा.