नकाशा गाणारी मुलं!

उद्या भूगोलाची चाचणी. नकाशात नद्या भरायच्यात, डोंगर भरायचेत. आणि डोक्यात सगळी खिचडी! होतं ना असं?

आता समज, बाई वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "पुस्तकं मिटा. आज आपण नकाशा गाऊया!"

काय? नकाशा गायचा? हो, गायचा! जपानमध्ये असं एक गाणं खरंच आहे. त्याचं नाव 'शिनानो नो कुनि', म्हणजे 'शिनानो प्रदेश'. शिनानो हे आजच्या नागानो प्रांताचं जुनं नाव. जपानचे असे 47 प्रांत आहेत. त्यातला नागानो आपल्या पुणे जिल्ह्याहून थोडासा लहान. जिकडे बघावं तिकडे डोंगर! आणि गंमत म्हणजे, त्याला समुद्रच नाही. जपान हा बेटांचा देश. तिथे राहायचं आणि समुद्र नाही! वाढदिवसाला जावं आणि केकच नसावा, तसं झालं की हे!

पण नागानोची माणसं त्यावर रुसली नाहीत. आमच्याकडे समुद्र नाही, हे त्यांनी गाण्याच्या पहिल्याच कडव्यात सांगून टाकलं. आणि लगेच पुढे सांगितलं, की तरी आमच्याकडे कशालाच तोटा नाही! मला हा तोरा फार आवडतो.

हे गाणं लिहिलं कोणी, ओळख पाहू! राजाने? मोठ्या कवीने? छे! एका शिक्षकाने. असाई गुरुजींनी 1899 मध्ये ते लिहिलं. ते शिकवायचे नागानोच्या अध्यापक विद्यालयात. म्हणजे कुठे माहीत आहे? जिथे शिक्षक व्हायला निघालेले विद्यार्थी शिकतात तिथे. मुलांना आपल्या प्रांताचा भूगोल आणि इतिहास गात गात कळावा, म्हणून हा खटाटोप. आधी एक चाल लावली होती, पण ती काही रुजली नाही. मग कितामुरा नावाच्या संगीत शिक्षकांनी नवी चाल दिली. 1900 साली शाळेच्या क्रीडादिनाला मुलींनी त्या चालीवर नाचून दाखवलं. आणि झालं! गाणं सुटलं वाऱ्यासारखं.

ते पसरलं कसं, सांगू? वर्गात एकाला खोकला झाला की आठवड्यात अर्धा वर्ग खोकतो ना? अगदी तसं! विद्यालयातले विद्यार्थी शिकून शिक्षक झाले. गावोगावच्या शाळांत गेले. जाताना गाणं सोबत घेऊन गेले. मुलांनी ते घरी नेलं. मुलं मोठी झाली आणि त्यांच्या मुलांनीही ते शाळेत म्हटलं!

आता गाण्यात डोकावूया. एकूण सहा कडवी. सुरुवातीलाच कळतं, की जुन्या शिनानोला शेजारी किती? दहा! दहा प्रदेशांच्या सीमा त्याला भिडायच्या. तुझ्या बाकाला तरी इतके शेजारी आहेत का?

मग चार डोंगर येतात: ओंताके, नोरिकुरा, कोमागाताके, आसामा. त्यातला आसामा तर जागा ज्वालामुखी! मग चार नद्या. आणि इथे खरी गंमत आहे. साई आणि चिकुमा उत्तरेकडे धावतात. किसो आणि तेनर्यू दक्षिणेकडे! कौलारू घरावर पाऊस पडतो तेव्हा काय होतं? अर्धं पाणी पुढच्या अंगणात, अर्धं मागच्या परसात. नागानो म्हणजे जपानचं कौलारू छप्परच. तिथे पडलेला एक थेंब जातो जपानच्या समुद्रात आणि शेजारचा थेंब थेट प्रशांत महासागरात! हे सगळं गाण्यात आहे. मग परीक्षेत कोण विसरेल?

पुढे जंगलातलं लाकूड येतं, तळ्यातले मासे येतात. तुतीचा पाला कुरतडणारे रेशमाचे किडेसुद्धा येतात! चौथ्या कडव्यात चाल अचानक संथ होते. कारण तिथे सुंदर सुंदर जागांची नावं आहेत. सहलीची बस धबधब्यापाशी हळू होते ना, तसं गाणंही हळू होतं. पाचव्यात थोर माणसं. आणि सहाव्यात? थांब, ते शेवटी सांगेन!

आधी 1948 ची गोष्ट ऐक. डोंगरांमुळे नागानोची माणसं वेगवेगळ्या खोऱ्यांत विखुरलेली. राजधानीचं शहर अगदी उत्तरेला. दक्षिणेकडची माणसं वैतागली. "आमचा प्रांत वेगळा करा!" मैदानावर दोन संघ भांडतात ना, तशी भांडणं. प्रकरण प्रांताच्या सभेत गेलं. प्रांताचे दोन तुकडे होणार, असं दिसू लागलं. आणि तेवढ्यात... सभा बघायला आलेले लोक गाऊ लागले. कोणतं गाणं? हेच! 'शिनानो नो कुनि'! सगळ्यांनी लहानपणी म्हटलेलं. दहा शेजारी, चार डोंगर, चार नद्या...

प्रांत फुटला नाही! आजही तो एकच आहे. नागानोतली माणसं ही गोष्ट अभिमानाने सांगतात.

1968 मध्ये हे नागानोचं अधिकृत प्रांतगीत झालं. (आपलं 'जय जय महाराष्ट्र माझा' राज्यगीत झालं 2023 मध्ये.) 1998 ला नागानोत हिवाळी ऑलिंपिक भरलं. तेव्हा जपानचे खेळाडू मैदानात आले ते याच गाण्याच्या सुरांवर!

जपानमध्ये अशी मातीतली गाणी खूप आहेत. उत्तरेच्या होक्काइदोत हेरिंग मासे पकडणाऱ्यांचं 'सोरान बुशी' आहे. आता कितीतरी शाळांतली मुलं त्यावर जाळं ओढल्यासारखं वाकून नाचतात. दक्षिणेकडच्या खाणकामगारांच्या 'तांको बुशी'त तर नाचताना कोळसा खणायचा, खांद्यावर टाकायचा आणि गाडी ढकलायची!

बरं, सहावं कडवं! त्यात आहे चक्क आगगाडी. 1893 मध्ये नागानोच्या सीमेवरच्या उसुई घाटात रेल्वे सुरू झाली. चढ इतका उभा, की पंधरा मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर! चाकं घसरणार नाहीत का? म्हणून रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवली. इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकायचं, सायकलची साखळी चाकात अडकते तसं. आणि बोगदे किती? 26! हा आकडा गाण्यातच आहे. कोळशाच्या इंजिनाचा धूर बोगद्यात कोंडायचा. फोडणी जळाल्यावर स्वयंपाकघरात होतं ना, त्याच्या कितीतरी पट!

1997 मध्ये या घाटातली रेल्वे बंद झाली. पण जुन्या मार्गाची आता पायवाट केली आहे. त्यातल्या काही बोगद्यांतून चालत जाता येतं.

पुढच्या वेळी कर्जतहून लोणावळ्याला जाशील, तेव्हा खिडकीशी बस आणि बोगदे मोज. गावाकडचे डोंगर आणि नद्या आजीला विचार. मग त्यांना एखादी छानशी चाल लाव. आणि हो, बोगद्यांचा आकडा गाण्यात घालायला विसरू नकोस!