मद्यपान आणि स्मृती
म्हैसूरच्या चेलुवांबा प्रासादात १९५० साली केंद्रीय अन्न-तंत्रज्ञान संशोधन संस्था स्थापन झाली. साळ गरम पाण्यात भिजवून वाफवण्याची जी पद्धत तेथे सिद्ध झाली, तिने दोन-तीन दिवसांचे भिजवणे काही तासांवर आणले आणि उकड्या तांदळाचा आंबूस वासही घालविला. कोकणातल्या घरांना उकडा तांदूळ नवा नाही. त्याचा गुण असा, की कोंड्याजवळचे थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, दाण्याच्या आत मुरते आणि सडताना फारसे वाया जात नाही. याच थायामिनाशी माणसाची स्मृतीही बांधलेली आहे, आणि मद्य ते बंधन तोडते.

एका रात्रीच्या अतिमद्यपानाची गोष्ट मात्र निराळी. दुसऱ्या दिवशी जे आठवत नाही, ते बहुधा मुळी साठवलेच गेलेले नसते. मेंदूतील हिपोकॅम्पस हा भाग घटनांची नोंद करतो. रक्तात मद्यार्क झपाट्याने वाढला, की ही नोंद थांबते. तो मनुष्य त्या वेळी चालतो, बोलतो, भांडतोही. सारासार विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग मंदावलेला असल्यामुळे आपला तोल सुटला आहे, हे त्यालाच उमगत नाही.

वर्षानुवर्षे पिणाऱ्याचे जेवण तुटते. जे पोटात जाते, त्यातील थायामिन आतड्यांत नीट शोषले जात नाही आणि यकृतात पुरेसे साठत नाही. अशा माणसाला उकडा तांदूळ तरी किती तारणार? थायामिनावाचून मेंदूच्या पेशींना साखरेतून शक्ती मिळविता येत नाही. मग दृष्टी डळमळते, चाल अडखळते, मन गोंधळते. जर्मन वैद्य वेर्निके यांनी १८८१ साली ही लक्षणे वर्णिली. त्यामागून येणारा स्मृतिभ्रंश रशियातील कोर्साकॉफ यांनी १८८७ साली मांडला. असा रोगी सकाळची भेट दुपारी विसरतो. विचारले असता मात्र न घडलेली हकीकत खुशाल सांगतो. घरची माणसे त्याला लबाड ठरवितात. हा त्याच्यावर अन्याय होय. रिकामी जागा मेंदू आपण होऊन भरीत असतो आणि सांगणाऱ्याला ती हकीकत खरीच वाटते.

प्रारंभीच इस्पितळात शिरेवाटे थायामिन मिळाले, तर पुष्कळ रोगी सावरतात. उशीर झाला, तर दृष्टी सुधारते, पण स्मृती पुष्कळदा पुरती परतत नाही. आणि उशीर होतो तो असा, की झोकांड्या खाणारा मद्यपी दिसला म्हणजे ‘चढली आहे’ असे म्हणून त्याला निजवून ठेवतात. आज तो प्यायला आहे की नाही, हे कोणी विचारीत नाही.