तहानलेल्या शहराने राखलेलं रान

बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरा आणि चालायला लागा. वडापावच्या गाड्या, रिक्षांची रांग, मग द्रुतगती मार्गाची घरघर. तो ओलांडला की तिकीटखिडकी, आणि तिच्यामागे बिबट्यांचा मुलूख! मुंबईकर ज्याला नुसतं ‘नॅशनल पार्क’ म्हणतात, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरवर पसरलंय आणि तिथे पन्नासच्या आसपास बिबटे राहतात. इतके दाटीवाटीने बिबटे जगात फार थोड्या ठिकाणी सापडतील. बिबट्यांनीही मुंबईची रीत उचललेली दिसते.

पण खरं कोडं वेगळंच आहे. ज्या शहरात वीतभर जागेसाठी भाऊ भावाला कोर्टात खेचतो, तिथे एवढं रान शिल्लक राहिलं कसं?

उत्तर शोधायला पार दीडशेहून अधिक वर्षं मागे जावं लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबई विहिरी आणि तळ्यांच्या भरवशावर जगत होती. वस्ती फुगत होती, विहिरी आटत होत्या. मग साष्टीच्या डोंगरात मिठी नदीच्या उगमाशी बांध घातला गेला आणि १८६० मध्ये विहार तलाव तयार झाला. नळाने घरोघर जाणारं मुंबईचं पहिलं मोठं पाणी ते हेच. १८७९ मध्ये वरच्या अंगाला तुळशी तलाव आला. आता तलाव राखायचा तर त्यात उतरणारे सगळे डोंगर राखायला हवेत. झाडं तुटली की माती वाहून येणार, वस्ती झाली की घाण येणार. म्हणून पाणलोटाचं रान मोकळं राहिलं. शहर तहानलेलं होतं, म्हणून जंगल वाचलं! मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांच्या साठ्यात आज या दोघांचा वाटा मिळून जेमतेम अडीच टक्के आहे. पण त्या अडीच टक्क्यांनी राखून ठेवलेलं रान बघा केवढं आहे.

आणि या डोंगरावर पडणाऱ्या पावसाची किंमत ओळखणारे इंग्रज काही पहिले नव्हेत. फाटकापासून पाच-सहा किलोमीटर चढत्या डांबरी रस्त्याने कान्हेरीला चालत जा. बस मिळते, भाड्याची सायकलही मिळते, पण पायी जाण्याची मजा निराळी. (पिशवी मात्र घट्ट धरा, तिथली माकडं फार धीट आहेत.) इथे शंभराहून अधिक लेणी आहेत, जवळपास हजार वर्षांच्या काळात एकामागून एक खोदलेली. येणारे सगळे आधी तिसऱ्या लेण्यातल्या भव्य चैत्यगृहाकडे धावतात. धावू देत. तुम्ही खाली, पायांकडे बघा. कातळात बोटभर रुंदीच्या पन्हळी कोरलेल्या दिसतील. त्यांच्या मागोमाग गेलात तर लेण्याच्या दाराशी चौकोनी तोंडाचं एक टाकं लागेल. शिलालेखांमध्ये त्याला ‘पोढी’ म्हटलंय. कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांनी इथल्या बौद्ध भिक्षूंना नुसतं लेणं देऊन भागवलं नाही, सोबत पोढीही दिली आणि तसं दगडावर लिहून ठेवलं. थांबून विचार करा. पाऊस चार महिने कोसळणार, पुढचे आठ महिने थेंब नाही, आणि डोंगरावर शेकडो माणसं राहायची आहेत. मग छपरावर पडलेला पाऊस पन्हळीतून टाक्यात, आणि टाकं कातळाच्या पोटात, सावलीत, म्हणजे ऊन लागून वाफ होण्याचं भय कमी. यंत्र नाही, पंप नाही. नुसता उतार ओळखण्याची नजर.

इथे सहलीला येणंही जुनंच बरं का. नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. भेट द्यायला आलेल्या पारशी मंडळींनी आपापली नावं आणि तारखा कोरून ठेवल्यात. साल १००९ आणि १०२१, महिने ऑक्टोबर-नोव्हेंबर. पावसाळा संपून वाटा सुकलेल्या, झरे अजून वाहते. भटक्यांना आजही हाच हंगाम सांगतात! भिंतीवर नाव कोरणाऱ्यांचा मला एरवी संताप येतो. हजार वर्षं जुन्या नावांना मात्र माफी.

एप्रिलमध्ये गेलात तर रान मेलं की काय असं वाटेल. साग, ऐन सगळे उघडे. पण पान म्हणजे पाण्याची गळती. प्रत्येक पानाच्या सूक्ष्म छिद्रांतून बाष्प निसटत असतं. जमिनीत ओल उरली नाही की झाड गळतीची तोंडंच टाकून देतं. पळस, पांगारा, काटेसावर तर त्या बोडक्या फांद्यांवरच फुलतात. आड पान नाही, त्यामुळे पाखरांना फूल लांबूनच दिसतं.

आता बिबट्या. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक वयस्कर नर विहिरीत पडला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. नाव ठेवलं आजोबा. हे आजोबा निघाले, कसाऱ्याजवळ रेल्वेचे रूळ ओलांडले, वसईच्या कारखान्यांमधून वाट काढली, पाणी पोहून पार केलं आणि सुमारे १२० किलोमीटर चालून थेट या उद्यानापाशी पोचले. वाटेत माणसं पावलोपावली. इजा एकालाही नाही. २०१४ मध्ये त्यांच्यावर मराठी चित्रपटही निघाला.

पण पन्नास बिबट्यांचं पोट इथे भरतं कशावर? चितळ आहेत, सांबर आहेत, आणि उद्यानाच्या कडेला भटकी कुत्री. शहर कचरा टाकतं, कचऱ्यावर कुत्री पोसली जातात, रात्री बिबट्या येऊन कुत्रं उचलतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात संशोधकांनी याचा हिशेबच मांडला. त्यांच्या अंदाजाने इथले बिबटे वर्षाला सुमारे १,५०० कुत्री खातात आणि त्यामुळे माणसांना होणारे हजारभर कुत्र्यांचे चावे टळतात. रेबीजच्या लशी वाचतात, त्या वेगळ्याच. ज्याला पिंजरा लावा म्हणून लोक ओरडतात, तो महापालिकेचं काम करतोय, तेही बिनपगारी.