दगडाचा गाव कसा ओळखायचा?

महाडला गेलात तर गांधारपाले लेणी चुकवू नका. तिथे कुमार काणभोअ विण्हुपालित याचा ब्राह्मी शिलालेख आहे. लेणं, चैत्यगृह, 8 खोल्या आणि पाण्याच्या 2 पोढी (टाक्या) दान दिल्याची नोंद त्यात आहे. देणारा कोण, दिलं काय, सगळं कातळावरच! दगड जागचा हललेला नाही, त्यामुळे त्याचा गाव शोधावा लागत नाही.

संग्रहालयात गेलेल्या दगडाचं मात्र तसं नसतं. त्याचा गाव कागदावर टिकतो. याचं उत्तम उदाहरण म्हणजे नालासोपाऱ्याची दगडी पेटी. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप खणला. त्यात सापडलेल्या या पेटीत तांब्याचा करंडक, त्यात एकात एक चांदी, दगड, स्फटिक आणि सोन्याचे करंडक. भोवती 8 छोट्या बुद्धमूर्ती. सोबत सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं! पंडितजींनी काय, कुठे, कसं सापडलं ते लिहून ठेवलं. म्हणून मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडच्या या ठेव्याची जन्मकुंडली आज पक्की आहे.

तुमच्या गावात वीरगळ किंवा सतीशिळा आहे? हलवू नका, शेंदूर फासू नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा. दगडाची ओळख निम्मी त्याच्या जागेत असते.

#महाड #गांधारपाले #सोपारा