तीन मोटारी, एक घड्याळ



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी किमान वेतन, हमालांची मजुरी किंवा एस.टी. कामगारांचा संप यांपैकी काहीतरी सांगेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी "वेगवान मोटारींची तुलना" असे म्हणताच एक गृहस्थ हसून म्हणाले, "भाऊ, त्या मोटारी दिग्रसच्या रस्त्यावर चालतील तरी का?" त्यांचे म्हणणे खरे आहे. या मोटारींचे पोट जमिनीपासून जेमतेम अर्धी वीत वर असते. आपल्या पहिल्याच गतिरोधकावर ती घासेल. पण जी वस्तू आपल्या दारात येणार नाही, तिच्याविषयी हेवा न करता विचार करता येतो, हाही एक फायदाच आहे.

माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंत. पुढचे शिक्षण एका मोटार-गॅरेजात पोऱ्या म्हणून, आणि त्याच्याही पुढचे वाचनालयात झाले. त्यामुळे यंत्राविषयी कुतूहल आहे. ते पुन्हा जागे झाले पुण्यात. आमच्या ओळखीतला एक मुलगा तिकडे एका श्रीमंत घरी ड्रायव्हर आहे. संघटनेच्या बैठकीसाठी गेलो असता त्याने मला मालकाच्या परवानगीने मोटारी पाहायला बोलाविले. एका छपराखाली चार मोटारी. चारही बुटक्या, रुंद, दोन दारांच्या. चारही सेकंदांच्या हिशेबात धावणाऱ्या. मला त्या जुळ्या बहिणींसारख्या दिसल्या. तो मुलगा म्हणाला, "काका, दिसायला सारख्या आहेत, पण एकीचा स्वभाव दुसरीत नाही." मी विचारले, "तो फरक येतो कोठून?" त्याला सांगता येईना, मलाही येईना. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न होय.

पहिला प्रश्न असा की, माणूस एका वेळी एकच मोटार चालवितो, तर चार कशाला? नुसती मिरवणूक म्हणावी, तर तेवढ्याने समाधान होत नाही. आपल्या विदर्भातला शंकरपट आठवा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात शर्यतींना पुन्हा वाट मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. या सगळ्या काळात पटाचे शौकीन दावणीला दोन-दोन, तीन-तीन जोड्या बांधून होते. एक जोडी सुटताना झेपावते, दुसरी शेवटच्या टप्प्यात ताणते. एकच जोडी असलेल्याला बैल चांगला की वाईट एवढे कळते. तीन जोड्या असलेल्याला 'चांगला' या शब्दाचे प्रकार कळतात. सारख्या वस्तू जवळजवळ ठेवल्या म्हणजे त्यांतला भेद उघडा पडतो. मोटारींच्या शौकिनाचेही असेच आहे.

मात्र तुलनेला एक अट आहे. रस्ता एक, चालविणारा एक, हवा एक आणि घड्याळ एक असले पाहिजे. एकीला नवे टायर आणि दुसरीला झिजलेले, एक सकाळच्या गारव्यात आणि दुसरी वैशाखाच्या उन्हात, अशी तुलना म्हणजे दोन वेगळ्या तराजूंवर कापूस मोजण्यासारखे आहे. कारखान्यांचे आकडेही प्रत्येकाने आपल्या सोयीच्या वेळी काढलेले असतात. तेव्हा मी पुढे जे आकडे देणार आहे ते स्थूल मानाने घ्यावेत.

उदाहरणासाठी आपल्या सर्वांच्या परिचयाचे नाव घेतो. सचिन तेंडुलकर यांना २००२ साली, ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल, फियाट कंपनीने फेरारी ३६० मोडेना ही मोटार भेट दिली. ती मायकेल शूमाकर यांच्या हस्ते मिळाली. पुढे निसान जीटी-आर आणि पोर्शे ९११ टर्बो एस याही मोटारी त्यांच्या ताफ्यात आल्या. इटली, जपान आणि जर्मनी अशा तीन देशांच्या या मोटारी आपण तुलनेला घेऊ.

आता अश्वशक्ती म्हणजे काय ते पाहू. ७५ किलोचे ओझे एका सेकंदात एक मीटर उंच उचलणे म्हणजे युरोपातल्या मोजमापाची एक अश्वशक्ती. बाजार समितीत पोते पाठीवर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारा आमचा हमाल क्षणभर या मापाच्या जवळपास जातो, दिवसभर मात्र त्याचा लहानसा अंशच देऊ शकतो. फेरारी ३६० चे इंजिन ३.६ लिटरचे, आठ सिलिंडरांचे आणि ४०० अश्वशक्तीचे. जीटी-आर प्रथम विक्रीला आली तेव्हा ४८० ची होती. टर्बो एसची २०२० साली आलेली आवृत्ती ६५० ची.

पण नुसती शक्ती पाहून चालत नाही; ती किती वजन ओढते हे पाहावे लागते. फेरारी सुमारे १३९० किलोची, म्हणजे एका टनामागे साधारण २८८ अश्वशक्ती. जीटी-आर १७४० किलोची, तिचे प्रमाण २७६ च्या आसपास. आपली जुनी मारुती ८०० घ्या: ३७ अश्वशक्ती आणि वजन साधारण ६५० किलो, टनामागे ५७. म्हणजे मारुतीच्या तुलनेत या दोघी एकाच घरातल्या, आणि आपसात फेरारीच किंचित वरचढ. मग उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटरचा वेग कोणी आधी गाठावा? कागदावरचे उत्तर फेरारी असे येते. प्रत्यक्षात फेरारीला सुमारे साडेचार सेकंद लागतात, आणि जड असलेली जीटी-आर साडेतीनच्या आसपास तेथे पोहोचते!

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. फेरारीत सगळी शक्ती मागच्या दोन चाकांवर जाते. दोन टायर रस्त्याला जितके धरतील तितकीच शक्ती उपयोगी पडते. बाकीची चाक जागच्या जागी फिरविण्यात वाया जाते. जीटी-आरमध्ये चारही चाके ओढतात. शिवाय तिच्या गिअरपेटीत दोन क्लच असतात. एका क्लचवर एक, तीन, पाच हे गिअर आणि दुसऱ्यावर दोन, चार, सहा. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार होऊन बसलेला असतो, त्यामुळे गिअर बदलताना ओढ तुटत नाही. संघटनेत तीस वर्षे घालविलेल्या माणसाला हे वाचून गंमत वाटली. मोर्चातही दोघेच जोर लावीत असतील, तर त्यांचा जोर कितीही असो, चाक मातीतच फिरते.

दुसरा भेद आहे ओझे कोठे ठेवले याचा. हा तर आपल्या धुरकऱ्यांनी कोणाकडूनही शिकण्याची गरज नाही. बंडीत कापसाच्या गाठोड्यांचा भार मागे जास्त झाला की बंडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर येतो. मोटारीत सर्वांत मोठे ओझे इंजिनाचे. जीटी-आरचे इंजिन पुढे आहे. फेरारीचे बैठकीच्या मागे, पण मागल्या आसाच्या पुढे, म्हणजे जवळजवळ मध्यावर. मध्यावर ओझे असलेली वस्तू चटकन वळते. लांब काठीच्या दोन टोकांना धोंडे बांधून फिरवा आणि मग तेच मध्याशी बांधून फिरवा, म्हणजे फरक हाताला कळेल.

पोर्शे ९११ चे इंजिन मात्र मागल्या आसाच्याही पलीकडे लटकलेले असते. १९६३ साली ही मोटार जगापुढे आली तेव्हापासून ही रचना त्यांनी सोडलेली नाही. सुमारे साठ टक्के भार मागच्या चाकांवर. ही मोटार म्हणजे मुद्दाम उलाळ ठेवलेली बंडी. त्याचा लाभ असा की वेग घेताना ओढणाऱ्या चाकांवर भरपूर दाब असतो, आणि ब्रेक लावल्यावर भार पुढे सरकून चारही चाकांवर बरासा सारखा वाटला जातो. तोटा असा की वळणात घाबरून एकदम पाय काढला की मागचा भाग हलका होऊन बाहेर फेकला जातो. जुन्या ९११ ची या बाबतीत फार अपकीर्ती होती. रुंद टायर, सुधारलेली झुलण आणि विजेच्या नियंत्रणांनी अभियंत्यांनी तो दोष बराचसा काबूत आणला. टर्बो एसला तर चारही चाकांची ओढ आहे, आणि ती २.७ सेकंदांत शंभर गाठते. त्या मुलाने 'स्वभाव' म्हटले तो हा. इंजिन पुढे, मध्ये की मागे, यावरून मोटारीची खोड ठरते.

तिसरी गोष्ट कमाल वेगाची. वेग वाढला की वाऱ्याचा विरोध वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट करावयाचा तर शक्ती आठपट हवी. म्हणून पाहा, फेरारीच्या ४०० वरून टर्बो एसच्या ६५० वर गेलो तर शक्ती बासष्ट टक्क्यांनी वाढली. पण कमाल वेग ताशी २९५ वरून ३३० वर, म्हणजे बाराच टक्क्यांनी वाढला. दोघींचे आकार व वजन निराळे आहेत हे खरे, तरी नियम स्पष्ट दिसतो. शेवटचे थोडे किलोमीटर सर्वांत महाग पडतात.

येथवर गंमत होती. आता ज्या आकड्याची तुलना शौकीन मंडळी कमी करतात आणि आपण अधिक केली पाहिजे, त्याकडे येतो. तो आकडा थांबण्याचा. ताशी १०० च्या वेगात धोका दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर मोटार २८ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर उत्तम टायर-ब्रेक असले तरी साधारण ४० मीटर लागतात. ताशी २०० ला हाच सेकंद ५६ मीटरांचा होतो आणि ब्रेकचे अंतर चौपट, सुमारे १६० मीटर. दोन्ही मिळून दोनशे मीटरांच्या पुढे! मोटार कितीही भारी किमतीची असो, हा वर्गाचा नियम तिला माफी देत नाही. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. ३३० ची मोटार तेथेही आपल्या शक्तीचा मोठा भाग बांधूनच ठेवील. ती शक्ती मोकळी सोडण्याची जागा म्हणजे चेन्नई, कोइमतूर किंवा दिल्लीजवळची शर्यतीची धावपट्टी. गावचा रस्ता नव्हे.

हे विसरले की काय होते ते महाराष्ट्राने पाहिले आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरात एका पोर्शे मोटारीने मोटारसायकलला धडक दिली आणि दोन तरुण अभियंते, एक मुलगा व एक मुलगी, प्राणास मुकले. मोटार एक अल्पवयीन मुलगा चालवीत असल्याचा आरोप आहे. त्याच दिवशी ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह त्याला जामीन मिळाला, तेव्हा सगळा देश हळहळला आणि संतापला. कोट्यवधींच्या त्या मोटारीची कायम नोंदणीही झालेली नव्हती. १,७५८ रुपयांचे शुल्क भरावयाचे राहिले होते. मोटारीच्या शक्तीचा हिशेब पैपैने ठेवणाऱ्या समाजात जबाबदारीचा हिशेब असा राहून जातो.

कराचाही एक धडा आहे. तेंडुलकरांच्या फेरारीवरील सुमारे १ कोटी १३ लाखांचे आयातशुल्क माफ करावे की नाही, यावर २००३ साली मोठा वाद झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि शेवटी फियाट कंपनीनेच ते शुल्क भरले. २०११ मध्ये ती मोटार सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. लोकांचे त्या खेळाडूवर प्रेम होते, तरी नियम सर्वांना एक असावा असे म्हणणारेही लोकच होते. दोन्ही गोष्टी मला चांगल्या वाटतात.

मी हौसेच्या विरुद्ध नाही. पुण्याच्या सायरस पूनावाला यांनी तरुणपणी जॅग्वार डी-टाइपच्या धर्तीवर एक शर्यतीची मोटार बनवून पाहिली होती. मोटारींचा कारखाना काढणे आवाक्याबाहेरचे आहे हे ओळखून ते तिकडून वळले, आणि १९६६ साली त्यांनी सीरम इन्स्टिट्यूट काढली. वेगाचे वेड माणसाला कोठे नेईल हे सांगता येत नाही. ते डोळस असले म्हणजे झाले.

आता त्या मुलाची हकीकत पुरी करतो. छपराखालच्या प्रत्येक मोटारीच्या कागदांची फाईल त्याने मला दाखविली. आरशापासून टायरपर्यंत प्रत्येक भागाचा विमा होता. मी विचारले, "आणि तुझा?" तो गप्प राहिला. त्याला नेमणुकीचे पत्र नव्हते, विमा नव्हता, भविष्यनिर्वाह निधी नव्हता. तुलना एका घड्याळाने करावी असे मी मघाशी म्हणालो. त्या छपराखाली पाचवा जीव तुलनेतून वगळला गेला होता. मी त्याला सांगितले, "भांडू नकोस. त्या चार फाईलींशेजारी तुझ्या नावाची एक कोरी फाईल ठेव, आणि मालकांना दाखव." त्याने तसे केले. मालक काही वेळ ती कोरी फाईल हातात धरून बसले, असे तो सांगतो. माणूस वाईट नव्हता. ते त्यांच्या कधी ध्यानातच आले नव्हते. पुढच्या महिन्यात त्याला नेमणुकीचे पत्र मिळाले, आणि विम्याचा कागदही.

त्या मुलाने मला परवा फोनवर विचारले, "काका, चारांतली उत्तम कोणती ते ठरले का?" मी म्हणालो, "जी तुला रोज संध्याकाळी धड घरी पोहोचविते ती." तो हसला आणि म्हणाला, "मग ती माझी सायकल."