जुनी तंबाखू सौम्य कां लागते ?

आपला वर्धा जिल्हा कापूस-तुरीचा. तंबाखू हें आपलें मुख्य पीक नव्हे. तथापि ज्याच्या खिशांत पुडी नाहीं असा गडी शेतावर विरळाच. नोकरींत असतां पैसेवारीच्या कामीं आर्वीकडील एका गांवीं आमचा मुक्काम पडला. तेथें एका वृद्ध कास्तकारांनीं माळ्यावरचें मडकें उतरवून आपला गुडाखू दाखविला. कुटलेली तंबाखू काकवींत कालवून त्यांनीं ती मुरावयास ठेविली होती. ते म्हणाले, "नवी घशाले लागते, जुनी काही बाधत नाही." यांतील पहिलें वाक्य खरें, दुसरें खोटें.

ओल्या पानांत पिष्ट असतें. पान सुकवितांना त्याची साखर बनते. पुढें सुकलेलीं पानें किंचित् दमट असतां रचून ठेविलीं म्हणजे सूक्ष्म जंतूंच्या योगानें रास आपोआप तापते, अमोनियाचा उग्र दर्प निघून जातो, निकोटिनही कांहीं अंशीं घटतें, आणि साखर व नत्रयुक्त द्रव्यें यांच्या संयोगानें पान गडद होऊन त्यास गोडसर वास सुटतो. रास फार तापली तर ती उलथून लावावी लागते. ओल अधिक झाल्यास बुरशी धरते, आणि पान कडक वाळलें तर मुरणेंच थांबतें. पाइपांत ओढण्याचीं विलायती मिश्रणें बंद डब्यांत वर्षानुवर्षें ठेवितात, तेथेंही हाच प्रकार मंद गतीनें चालतो.

बेळगांव जिल्ह्यांतील निपाणी ही विडीच्या तंबाखूची जुनी पेठ. तेथें वखारीच्या वखारी भरलेल्या असत. माल राखून ठेवण्यास जागा व भांडवल लागतें, आणि कास्तकाराजवळ बहुधा दोन्ही नसतात. इ. स. १९८१ मध्यें शरद जोशी यांच्या पुढारपणाखालीं तेथील उत्पादकांनीं रास्त भावासाठीं पुणें-बंगळूर हमरस्ता अडविला होता, हें अनेकांस स्मरत असेल.

आतां दुसऱ्या वाक्याविषयीं. मुरल्यानें जातो तो दर्प. विष जात नाहीं. निकोटिन उरतेंच. शिवाय नायट्रोसमाइन या वर्गांतील कर्करोगकारक द्रव्यें पान सुकवितांना तयार होतात, आणि उष्ण जागीं साठविलेल्या मालांत तीं वाढूंही शकतात. धूर जळतांना होणारें डांबर व विषारी वायु तर पान जुनें असो वा नवें, निघतातच. घसा तक्रार करीत नाहीं, एवढ्यानेंच माणूस फसतो. त्या वृद्ध गृहस्थांनींच आम्हांस सांगितलें होतें कीं, गुडाखू जुना असला म्हणजे चिलीम दोनदां भरली जाते.